मोतीसाठी ‘चॉकलेट’

दिवाळीच्या सुट्टीतील एक संध्याकाळ. दवाखान्यात रुग्णांची दाटी होती आणि अशा वेळी एका जुन्या परिचित कुटुंबातून दूरध्वनी आला. त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलीने मैत्रिणींसाठी मारी बिस्किटांचा चुरा, कंडेन्स्ड मिल्क आणि कोको पावडर एकत्र मळून गोळे वळले होते. ताटली खालच्या टीपॉयवर राहिली, आणि घरातल्या पांढऱ्याशुभ्र पॉमेरेनियनने, त्याला आपण मोती म्हणू, ती पाहता पाहता रिकामी केली. “डॉक्टर, काही होणार नाही ना त्याला?” मुलीच्या आईने विचारले. मी समोरच्या रुग्णाची चिठ्ठी पुरी करता करताच म्हणाले, “काही होत नाही. कुत्र्याचे पोट आहे ते. रात्री नुसता दहीभात द्या.”

पहाटे तीनला पुन्हा दूरध्वनी वाजला. मोती रात्री नऊपासून अस्वस्थ होता, सारखे पाणी पीत होता, दोनदा ओकला होता. बारानंतर त्याला कापरे भरले आणि आता आकडी आली होती. मी धावत गेले. त्याच्या छातीला स्टेथोस्कोप लावला तेव्हा ठोके मोजता येईनात, इतके ते वेगाने पडत होते. पशुवैद्यकांना झोपेतून उठवले. त्यांनी तीनच प्रश्न विचारले: वजन किती, कोको किती, आणि खाल्ला कधी? मुलीने रडत रडत सांगितले, चार मोठे चमचे भरभरून. त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला आणि कुत्र्याला ताबडतोब आणायला सांगितले. मोती वाचला. दोन दिवस सलाईनवर काढून घरी आला. पण संध्याकाळी सहाला जे अर्ध्या तासात आटोपले असते, ते पहाटेपर्यंत लांबले, आणि त्याला माझे एक बेफिकीर वाक्य कारणीभूत होते.

वाचकहो, मी माणसांची डॉक्टर आहे, पशुवैद्यक नव्हे. तरीही हा लेख लिहिण्याचे कारण असे की आपल्याकडे, विशेषतः तालुक्याच्या गावी, रात्री-अपरात्री कुत्र्याला काही झाले तर पहिला दूरध्वनी बहुधा ओळखीच्या फॅमिली डॉक्टरलाच जातो. आणि त्या डॉक्टरला पुष्कळदा माझ्याइतकेच कमी ठाऊक असते.

मला ठाऊक असायला हवे होते, हे मात्र खरे. कोकोमध्ये जे द्रव्य असते त्याचे नाव थिओब्रोमीन. कोकोच्या झाडाला लिनियसने १७५३ साली ‘थिओब्रोमा’, म्हणजे देवांचे अन्न, असे नाव दिले. त्याच्या बियांतून १८४१ साली वेगळे काढलेल्या या द्रव्याला त्यावरूनच नाव मिळाले. चहा-कॉफीतील कॅफीन आणि दम्यावर आम्ही वर्षानुवर्षे देत आलो ते थिओफिलीन ही त्याची सख्खी भावंडे. थिओफिलीनची मात्रा जास्त झालेला रुग्ण ज्याने पाहिला आहे, त्याला ते चित्र विसरता येत नाही: हात थरथरतात, छाती धडधडते, मळमळ थांबत नाही, झोप उडते आणि फार झाले तर आकडी येते. मोतीला त्या रात्री नेमके हेच झाले होते. मी तीस वर्षे माणसांत ओळखलेली लक्षणे कुत्र्याच्या बाबतीत मनाशी जोडली नाहीत, इतकेच.

मग आपण चॉकलेट खातो आणि आपल्याला काही होत नाही, ते का? फरक यकृताच्या वेगाचा आहे. आपल्या रक्तातील थिओब्रोमीन निम्म्यावर यायला सहा ते दहा तास लागतात. कुत्र्याच्या रक्तात ते सतरा-अठरा तास रेंगाळते. शिवाय त्याच्या मूत्राशयातून त्याचा काही अंश पुन्हा रक्तात शोषला जातो. म्हणून उपचार करताना पशुवैद्यक वारंवार लघवी करवतात, प्रसंगी नळी घालतात. थिओब्रोमीनवर उतारा असे औषध नाही. पोटातले बाहेर काढणे, सक्रिय कोळसा देऊन शोषण रोखणे, सलाईन, हृदयाच्या गतीवर लक्ष, आणि आकडीवर आकडीचे औषध, एवढेच हाती असते. लक्षणे दिसायला साधारण सहा ते बारा तास लागतात आणि ती दोन-तीन दिवसही टिकू शकतात. “दोन तास झाले, ठीक दिसतोय” या वाक्यावर म्हणूनच विसंबू नये.

आता मात्रेविषयी. हा हिशेब प्रत्येक घराला यायला हवा. कुत्र्याच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे सुमारे २० मिलिग्रॅम थिओब्रोमीन पोटात गेले की उलटी, जुलाब, अस्वस्थपणा सुरू होतो. ४० ते ५० मिलिग्रॅमला हृदयाची लय बिघडू लागते, ६० च्या आसपास आकडी येऊ शकते. दुधाच्या चॉकलेटमध्ये ग्रॅमला सुमारे २ मिलिग्रॅम, गडद चॉकलेटमध्ये ५ किंवा त्याहून अधिक, आणि कोको पावडरीत ढोबळमानाने २० मिलिग्रॅम थिओब्रोमीन असते. आता मोतीचा हिशेब करून पाहा. वजन ७ किलो, चार भरगच्च चमचे म्हणजे सुमारे २५ ग्रॅम कोको, त्यात ५०० मिलिग्रॅम थिओब्रोमीन; किलोमागे सत्तरच्या वर. पशुवैद्यकांनी झोपेतही जो आकडा काढला तो हा.

याच मापाने १० किलोच्या कुत्र्याला दुधाच्या चॉकलेटची १०० ग्रॅमची वडी त्रास देऊ लागते, गडद चॉकलेटची ४० ग्रॅम, आणि कोको पावडर अवघी १० ग्रॅम. जेवढे काळे आणि कडू, तेवढे वाईट, असे लक्षात ठेवले तरी चालेल. पांढऱ्या चॉकलेटमध्ये थिओब्रोमीन नगण्य असते. पण त्यातील भरमसाट चरबीने ओकाऱ्या आणि स्वादुपिंडाचा दाह होऊ शकतो, तेव्हा तेही कुत्र्याचे खाणे नव्हे. राखी-दिवाळीला हल्ली घरोघरी ‘डार्क कंपाउंड’ची लादी वितळवून साच्यातली चॉकलेटे करतात. त्यात कोको बटरऐवजी वनस्पती तूप असले, तरी कोको पावडर असतेच, आणि ती किती हे लादीनुसार बदलते. ‘हे काही खरे चॉकलेट नाही’ हा दिलासा फसवा आहे. चहाच्या गाळणीतला चोथा आणि कॉफीची पूड यांनाही हेच लागू. कचऱ्याच्या डब्याचे झाकण घट्ट हवे.

जाता जाता मांजराविषयी. मांजराला गोड चवच कळत नाही; तिची ती जाणीव जन्मजात लोपलेली आहे. म्हणून ती चॉकलेटच्या वाटेला सहसा जात नाही. कुत्र्याला मात्र गोड कळते आणि आवडते, आणि थांबावे कुठे हे त्याला कळत नाही.

माझ्या मधुमेही रुग्णांसाठी एक वेगळी सूचना. तुमच्या घरी ‘शुगर फ्री’ चॉकलेट असते, आणि ‘साखर नाही, मग दे एक तुकडा’ असे एखादे नातवंड म्हणू शकते. साखर नसली तरी कोको तोच आणि तेवढाच असतो, शिवाय गोडीसाठी काय घातले आहे ते पाहावे लागते. बहुतेकांत मॅल्टिटॉल असते, त्याने फार तर पोट बिघडते. परंतु काहींत झायलिटॉल असते. ते माणसाला निर्धोक आहे. मधुमेह्याला तर सोयीचेच. कुत्र्याचे स्वादुपिंड मात्र त्याला साखर समजून एकदम भरपूर इन्सुलिन सोडते, आणि बहुधा अर्ध्या-एक तासात रक्तातील साखर धोकादायक पातळीला उतरते. किलोमागे ०.१ ग्रॅम एवढ्याने हे घडते; ०.५ ग्रॅमच्या पुढे यकृत निकामी होण्याची भीती असते. वेष्टनावर झायलिटॉल, बर्च शुगर किंवा ९६७ हा क्रमांक दिसला की ती वस्तू कुत्र्यापासून दूर ठेवा. साखरविरहित च्युइंगम, काही टूथपेस्टी, तोंड धुण्याची द्रावणे, क्वचित पीनट बटर यांतही ते सापडते.

आमच्या सांगली-तासगावच्या वाचकांना पुढची गोष्ट जरा लागेल. बेदाणा हे आपल्या भागाचे वैभव; पण द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात. गंमत म्हणजे एखादा कुत्रा मूठभर पचवतो आणि दुसऱ्याचे मूत्रपिंड थोडक्यावर बंद पडते. अलीकडे अमेरिकेतील पशुविषतज्ज्ञांचा संशय टार्टारिक आम्लावर गेला आहे. मुलांच्या खेळण्यासाठी घरी केलेल्या कणकेतील क्रीम ऑफ टार्टार खाल्लेल्या कुत्र्याला नेमका तसाच आजार झाला, त्यावरून ही दिशा मिळाली. हे आम्ल चिंचेतही भरपूर असते. तेव्हा चिंचगुळाची आमटी भातावर ओतून कुत्र्याला वाढण्याची रीत सोडलेली बरी. त्या आमटीतला कांदा-लसूणही त्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतो, हे निराळेच. बेदाणे घातलेले चॉकलेट म्हणजे एका वडीत दोन संकटे.

कुत्र्याने चॉकलेट खाल्ल्याचे कळले तर काय करावे? वेष्टन किंवा उरलेला चुरा जपून ठेवा, वजन आणि वेळ कागदावर लिहा, आणि लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्यकांना कळवा. पहिल्या एक-दोन तासांत ते औषधाने उलटी करवू शकतात; तीच वेळ मोलाची असते. घरी मिठाचे पाणी पाजून ओकवण्याचा उद्योग कृपया करू नका. विषबाधा झालेल्या माणसाला ते पाजत, तेव्हा कुत्र्यालाही चालेल असे वाटते, पण त्याने रक्तातील सोडियम इतके वाढते की कुत्रा चॉकलेटऐवजी मिठाने दगावू शकतो. दूध, तूप, लिंबू यांचा उपयोग नाही. आणि आपल्या कपाटातील आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, पॅरासिटामॉल यांपैकी काहीही स्वतःच्या मनाने देऊ नका. तुमच्या पशुवैद्यकांचा रात्रीचा क्रमांक आजच मागून घ्या. शासनाच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांचा भर स्वाभाविकपणे गाई-म्हशींवर असतो. जवळपास कुत्र्यांवर रात्री उपचार कोण करते, ही माहिती पहाटे तीनला शोधायची नसते.

मोती घरी आल्यावर काही दिवसांनी ती मुलगी आईबरोबर माझ्या दवाखान्यात आली. खोकल्याचे निमित्त होते, खोकला काही फारसा नव्हता. खाली मान घालून तिने विचारले, “डॉक्टरकाकू, मार्चमध्ये मोतीचा वाढदिवस आहे. आम्ही केक कापणार, तो नुसता बघत बसणार का?” तिच्या मनातला खरा प्रश्न मला वेगळा वाटला. आपल्या हातचे खाऊन तो मरणार होता, हे त्या मुलीला विसरता येत नव्हते. मी तिला सांगितले की चूक तिची नव्हती; सहा वाजता ज्या मोठ्या माणसाला विचारले होते, त्याची होती. ती काही बोलली नाही. तिच्या आईने मात्र चमकून माझ्याकडे पाहिले. त्यांनी तोवर मला एका शब्दानेही विचारले नव्हते.

त्या प्रश्नाचे उत्तर पशुवैद्यकांनीच दिले: कॅरोब. भूमध्य समुद्राभोवतीच्या प्रदेशांत, स्पेनपासून मोरोक्कोपर्यंत, वाढणारा हा शेंगांचा वृक्ष. शेंगा दिसायला वाळक्या चिंचेसारख्या, पण आंबटपणाचा लवलेश नाही. गर चांगलाच गोड. सोने-हिऱ्यांच्या संदर्भातला ‘कॅरट’ हा शब्द याच झाडाच्या ग्रीक नावावरून आला, कारण याच्या बिया वजन म्हणून वापरत. शेंगा भाजून दळल्या की कोकोसारखी तपकिरी पूड होते, आणि तिच्यात थिओब्रोमीन नाही, कॅफीनही नाही. आरोग्यपदार्थांच्या दुकानांत आणि ऑनलाइन ती मिळते. घेताना घटकांच्या यादीत ‘कॅरोब’ हा एकच शब्द असावा. माणसांसाठीच्या कॅरोब चॉकलेटात साखर, पामतेल आणि कधी कधी कोकोही मिसळलेला असतो, ते नको. चव विचाराल तर ती चॉकलेटची नव्हे, जळक्या साखरेच्या जवळची आहे. सत्तरच्या दशकात अमेरिकेत ती चॉकलेटला पर्याय म्हणून माणसांच्या माथी मारली गेली आणि माणसांनी फारशी पसंत केली नाही. कुत्र्यांची अशी तक्रार नसते.

कृती सोपी आहे. गव्हाची कणीक १५० ग्रॅम, म्हणजे साधारण दीड वाटी. कॅरोब पूड ३० ग्रॅम, चार मोठे चमचे. दाण्याचा कूट ३० ग्रॅम. लाल भोपळा साल काढून, वाफवून, कुस्करून १०० ग्रॅम. आणि एक अंडे. हे सारे एकत्र करून पाणी न घालता घट्ट मळावे. भोपळ्याला पाणी सुटते, त्यामुळे कणीक चमचाभर कमी-जास्त करावी लागते. अर्धा सेंटिमीटर जाड पोळी लाटून सुमारे ४ सेंटिमीटरची बिस्किटे पाडावीत. चाळीसच्या आसपास होतात. ओव्हन असल्यास १७० अंश सेल्सिअसला पंचवीस मिनिटे भाजून, ओव्हनमध्येच गार होऊ द्यावीत, म्हणजे कडक होतात. ओव्हन नसेल तर आपली नानकटाईची जुनी युक्ती आहेच: जाड बुडाच्या कढईत मीठ किंवा वाळू तापवून, वर जाळी, जाळीवर ताटली, घट्ट झाकण आणि मंद आच. वेळ थोडा जास्त लागतो.

यात साखर, गूळ, मध, मीठ, तूप, व्हॅनिला काहीही घालायचे नाही, बेकिंग पावडरही नाही. काही बेकिंग पावडरींत ते क्रीम ऑफ टार्टार असते आणि इथे फुगवण्याची गरजही नाही. दाण्याचा कूट घरचा घ्यावा असे मी मुद्दाम म्हणते. विकतच्या पीनट बटरची यादी तपासत बसावी लागत नाही. मात्र भाजण्यापूर्वी काळसर, बुरशी लागलेले, खवट दाणे निवडून टाका. त्या बुरशीचे विष कुत्र्याच्या यकृताला आपल्यापेक्षा फार लवकर बाधते. गहू न सोसणाऱ्या कुत्र्यासाठी ज्वारीचे पीठ चालते, फक्त ते लाटता येत नाही, हाताने थापावे. आणि कॅरोब महाग वाटला, तर नाचणीचे पीठ निम्मे घालून करून पाहा. रंग जवळजवळ तसाच येतो. खरे तर मला तीच जास्त आवडली.

हे लाड किती पुरवायचे? खाऊचा वाटा दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत असावा. १० किलोच्या प्रौढ, हिंडत्या-फिरत्या कुत्र्याला दिवसाला सुमारे ६०० उष्मांक लागतात. वरच्या मापाच्या एका बिस्किटात सुमारे २० उष्मांक आहेत. म्हणजे तीन बिस्किटे, आणि तेवढे रोजच्या जेवणातून कमी. मोतीला दोन पुरेत. लहान जातीच्या कुत्र्याला तुकडे करून द्यावीत, घशात अडकत नाहीत. कुत्र्याला मधुमेह असेल, स्वादुपिंडाचा आजार होऊन गेला असेल किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर पशुवैद्यकांना विचारल्याशिवाय देऊ नयेत. कॅरोबमध्ये नैसर्गिक साखर बरीच असते. पहिल्या दिवशी अर्धेच द्या आणि दोन दिवस शौचाकडे लक्ष ठेवा. हवाबंद डब्यात आठवडाभर, फ्रिजमध्ये दोन आठवडे टिकतात. पावसाळ्यात मात्र फ्रिजशिवाय नको, चौथ्या दिवशी बुरशी धरते.

माझे स्पष्ट मत विचाराल, तर कुत्र्याला चॉकलेटच्या रंगाचे काहीही लागत नाही. वाफवलेल्या भोपळ्याच्या फोडीवर तो तेवढीच शेपूट हलवतो. तो तपकिरी रंग, ते ताटलीतले सारखे दिसणे, हे आपल्यासाठी आहे. पण नऊ वर्षांच्या मुलीसाठी ते महत्त्वाचे होते, म्हणून मी तिच्याबरोबर एका रविवारी बसून ही बिस्किटे दोनदा केली. पहिली दगडासारखी झाली होती. एक अडचण मात्र राहते आणि ती सांगायलाच हवी: घरात एकाच रंगाचे दोन खाऊ असले की पाहुण्यांचा, लहान भावंडांचा गोंधळ होतो. ‘याला चॉकलेट चालते, काल दिले होते’ असे म्हणत कोणी खरे चॉकलेट पुढे करतो. यासाठी बिस्किटांना हाडकाचा किंवा वेगळा काही आकार द्या, डबा निराळा ठेवा, आणि कुत्र्याला खाऊ देणारे माणूस घरात एकच ठरवा.

मार्चमध्ये वाढदिवस झाला. पत्र्याच्या डब्यावर मुलीने मोठ्या अक्षरांत ‘फक्त मोती’ असे लिहिले होते. तरी तिच्या वडिलांनी एक उचलून तोंडात टाकलेच, आणि साखर घालायची विसरलात का, असे विचारले. कोकोचा डबा आता त्यांच्या स्वयंपाकघरात सर्वांत वरच्या फळीवर असतो. तो काढायला मुलीला आईला हाक मारावी लागते.